दगडाबरोबर आलेलं

टाकीच्या काचेला टेकवून ठेवलेलं खुरपं मी आधी पाहिलं आणि त्याच्या पात्यावरून ओघळणारं पाणी नंतर. दुपारचे साडेचार वाजले होते. दवाखान्यातली पाळी संपवून मी नुकताच घरात शिरलो होतो. एका पायातला बूट काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी हातात होती. खुरपं आमच्या घरात नव्हतंच. ते अण्णांनी गावाहून येताना पिशवीत घालून आणलेलं. डोळ्याच्या ऑपरेशनला येणारा माणूस खुरपं कशाला आणतो, हे विचारण्यात अर्थ नसतो. काही लोक घराबाहेर पडताना रुमाल घेतात, अण्णा खुरपं घेतात. टाकीखाली त्यांनी जुना पेपर अंथरला होता आणि त्यावर तपकिरी, बुळबुळीत असं काहीतरी नीट ढीग करून ठेवलं होतं, भांगलण झाल्यावर बायका बांधावर तणाचा ढीग लावतात तसं. अण्णा शेजारी स्टुलावर बसले होते. उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली, हात अजून ओला आणि चेहऱ्यावर एक काम हातावेगळं केल्याचं समाधान. "लई माजलं हुतं," ते म्हणाले. "काढलं समदं. मुळापास्नं." मी दुसरा बूट काढला. त्या ढिगाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. तोंडून बाहेर पडलं ते असं, की बरं झालं अण्णा, हात तेवढे धुऊन घ्या, पाणी खारट असतं.

ही टाकी म्हणजे साडेतीन फूट लांब काचेची पेटी. कसबा बावड्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, इतरांच्या घरी जिथं टीव्ही असतो तिथं ती आहे आणि तिच्यात समुद्र आहे. कोल्हापूरला समुद्र नाही, म्हणून मी तो गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ घालून करतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या हाडांचे काळे-पांढरे फोटो काढणाऱ्याला घरी आल्यावर रंग लागतात, असं मी आल्यागेल्याला सांगतो. खरं कारण मलाही नीट माहीत नाही. केशरी-पांढऱ्या माशांची एक जोडी आहे, हिरव्या बटणांसारखी पोवळी आहेत आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक दगड आहे. तो यशराज नावाच्या ओळखीच्या आर्किटेक्टनं बंगळूरला जाताना स्वतःच्या टाकीतून काढून दिला. मुळात कारखान्यात केलेला पांढरा सच्छिद्र दगड, पण पाच वर्षं खाऱ्या पाण्यात राहून जांभळा झालेला, जिवंत झालेला. यशराज म्हणाला होता की या दगडाबरोबर न बोलावलेलं बरंच काही येईल. इंग्रजीत त्यांना हिचहायकर म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत फुकट बसून आलेले. आणि आलेच. एक काटेरी किडा आला, नखाएवढा तारामासा आला, एक खेकडा आला तो मी चिमट्यानं धरला. मग आली ती तपकिरी फुलं. पारदर्शक देठावर झिपऱ्या फुलवून बसतात. फूल कसलं, प्राणीच तो. शेजारच्या पोवळ्यांना डंख मारमारून जागा बळकावतो. त्याचं नाव आयप्टेशिया, पण माझी बायको क्रांती त्याला नुसतं 'ते तपकिरी' म्हणते आणि तेवढं पुरतं. त्याच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते. त्याला ओढायचं नाही, कापायचं नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. जेवढे तुकडे पडतील तेवढी नवी फुलं उठतात. त्या दुपारपर्यंत माझ्या टाकीत ती सात होती.

हे मी अण्णांना सांगायला पाहिजे होतं. आधी नाही तर निदान त्या क्षणी तरी. क्रांती शाळेतून आली, तिनं खुरपं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रात्री भांडी आवरताना म्हणाली की तू मामांना काहीच कसं बोलला नाहीस. क्रांती सासऱ्याला आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मामा म्हणते. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, चांगल्या मनानंच केलं त्यांनी. नवा डोळा मिळाल्यापासून त्यांना सगळीकडे घाण दिसते, परवा त्यांनी गॅलरीतली कुंडी भांगलली, आज समुद्र भांगलला. ती हसली नाही. तिला माहीत आहे की मी विनोद करतो तेव्हा काहीतरी गिळत असतो. गिळलेलं होतं ते असं, की मी अण्णांवर कधी ओरडलो नाही आणि अण्णा माझ्यावर कधी ओरडले नाहीत. बेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांशी एसटीतल्या शेजारच्या प्रवाशासारखे वागत आलो आहोत, थोडं सरकून घेत, खिडकी उघडू का म्हणून विचारत.

एसटी आठवायलाही कारण आहे. गडहिंग्लजहून कोल्हापूरला आलो ती एसटी मला अजून दिसते. त्र्याऐंशी सालची, मी सात वर्षांचा, आई खिडकीशी आणि माझ्या पायांखाली पत्र्याची ट्रंक. माझे वडील ज्ञानू, विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले होते त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आदल्या दिवशी विहारात आईचं आकाराम नावाच्या माणसाशी, म्हणजे अण्णांशी, लग्न झालं होतं आणि तो माणूस पुढच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. सदर बाजारातल्या खोलीत पोचलो तेव्हा त्याची बहीण, सगळे तिला आक्का म्हणत, दारात उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आईकडे पाहून हसली आणि ट्रंकेवर बसलेल्या माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्ये गेलड कायमचं आलंय काय?" आईच्या दुसऱ्या लग्नात तिच्याबरोबर सासरी आलेल्या पोराला आमच्याकडे गेलड म्हणतात. शिवी नाही ती, नुसतं नाव आहे, पण मला वाटतं ज्याला लागतं त्यालाच ते किती जड आहे ते कळतं. माझं नाव सम्राट. सम्राट ट्रंकेवरून उठून भिंतीला टेकून उभा राहिला. यशराजनं दगडाबरोबर येणाऱ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा मला हसू आलं होतं ते यामुळं, आणि त्यानं का हसलास म्हणून विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणालो.

अण्णांनी मला वाईट वागवलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. सांगायला बरी असती. त्यांनी मला कधीच वाईट वागवलं नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत ते साचे भरायचे. रोज सायकलवरून पंचगंगेचा पूल ओलांडून जायचे आणि संध्याकाळी काळ्या वाळूनं भरलेले परत यायचे. पगाराच्या दिवशी आईला गजरा आणि मला केळी. शाळेत घालायला त्यांनीच नेलं, सायकलच्या दांडीवर बसवून. हेडमास्तरांनी मुलाचं पूर्ण नाव विचारलं आणि अण्णांनी ते सांगितलं, सम्राट ज्ञानू. आकाराम नाही. मास्तरांनी पेन थांबवून विचारलं की तुम्ही कोण मग. "म्या आकाराम. पोरगं ज्ञानूचं हाय," ते म्हणाले. तो जिना, त्या खोलीतला शाईचा वास आणि ते वाक्य माझ्यात तसंच्या तसं आहे. शाळेत, बोर्डाच्या परीक्षेत, कामाच्या ठिकाणी, आधार कार्डावर, प्रत्येक वेळी ते मधलं नाव लिहिताना मला वाटत आलं की या माणसानं मला घरात घेतलं, नावात घेतलं नाही. त्यांना पुढं स्वतःचं मूल झालं नाही, तरीही नाही. मी अकरा वर्षांचा असताना त्यांची सायकल न विचारता घेऊन गेलो आणि पुढचं चाक दगडावर घालून वाकडं केलं. गल्लीत तेव्हा कुठल्याही पोरानं असलं काही केलं की त्याच्या घरातून आधी बापाचा आवाज आणि मग पोराचा आवाज यायचा. मी दारात उभा राहून वाट बघत होतो. अण्णांनी चाकाकडे पाहिलं, माझा गुडघा फुटला होता त्यावर हळद लावली आणि पुढचे तीन दिवस शिरोलीला चालत गेले. चकार शब्द नाही. त्या रात्री अंथरुणात मला एका थपडेसाठी रडू आलं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तीन आठवड्यांनी तण उगवलं. आधी दगडाच्या पायथ्याशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग चार दिवसांत त्यांना झिपऱ्या फुटल्या. पंपाच्या तोंडाशी, मागच्या काचेवर, पोवळ्यांच्या मधेमधे, जिथं पाणी पोचतं तिथं. मी मोजले तर एक्काहत्तर भरले. डाव्या अंगाची पोवळ्यांची बटणं मिटायला लागली होती. आठवड्याभरात ती उघडायचीच बंद झाली. मी रोज संध्याकाळी टाकीसमोर उभा राहायचो आणि अण्णा आले की म्हणायचो, आज मासे खूश दिसतात. माणूस शेतातला, तण कुठं आणि किती आलंय हे त्याच्यापासून लपवणं म्हणजे मास्तरापासून चुकीचं गणित लपवणं. पंधरा फेब्रुवारीचा रविवार होता. मी बाजारातून भाजी घेऊन आलो तर अण्णा टाकीला नाक लावून उभे होते आणि त्यांची खाकी पिशवी सोफ्यावर भरून तयार होती. वर खुरपं, पेपरात गुंडाळलेलं.

"ही हरळी हाय," ते काचेकडेच बघत म्हणाले. "तोडंल तितकी फुटतीया. कळायला पायजे हुतं मला." हरळी म्हणजे ते चिवट गवत, ज्याच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. शेतकरी तिला खुरपत नाही, तुकडे पडू न देता खणून काढतो. मी म्हटलं, असू दे अण्णा, एवढं काही नाही, होतं असं. ते वळले. नवा डोळा स्वच्छ, जुना थोडा पाणावलेला. "एवढं नासलं तुजं, न् तू एक शबूद बोलला न्हाईस." मी विचारलं, काय बोलायचं होतं. "त्येच की," ते म्हणाले आणि उद्याच्या यष्टीनं पन्हाळ्याकडे जातो म्हणाले. गावी त्यांची सात-आठ गुंठे जमीन आहे, पत्र्याचं घर आहे, आणि आई गेल्यापासून दोन वर्षं ते तिथं एकटे राहिले होते, दोन्ही डोळे धूसर झाले तरी कुणाला न सांगता. ते परत गेले तर पुन्हा येणार नाहीत, हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं की हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचं राहून गेलं. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मी म्हणालो, डोळ्याची तपासणी महिनाअखेरीला आहे, तोपर्यंत थांबता आलं तर बघा. पाहुण्याला म्हणतात तसं.

वाचवलं ते क्रांतीनं. ती आतून कणीक मळता मळता हे सगळं ऐकत होती. मला तिनं विचारलं की तुझ्या त्या यशराजनं यावर काही औषध सांगितलं होतं का. सांगितलं होतं. कसलीशी परदेशी पावडर, पाण्यात कालवून पेस्ट करायची, सुईनं त्या प्राण्याच्या तोंडावर सोडायची, तो ती अन्न समजून गिळतो आणि जागच्या जागी विरघळतो, तुकडा पडत नाही. इथं मिळत नाही. पावडर कसली, तिनं विचारलं. मी फोनमध्ये बघून सांगितलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. क्रांती आठवीला विज्ञान शिकवते. ती कणकेच्या हातानंच बाहेर आली आणि अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट केलं. "तो चुना की हो. मामांच्या डबीत हाय तो." अण्णांनी डबी काढली. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, साठ वर्षं त्यांच्या डाव्या हाताला ठाऊक असलेली. त्यांनी नखावर जरासा चुना घेतला, त्याच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग सोफ्यावरची पिशवी उचलली आणि श्रुतीच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. श्रुती, आमची मुलगी, पुण्याला शिकायला गेल्यापासून ती खोली त्यांची आहे. "ही हरळी निघंपतूर ऱ्हातो," ते म्हणाले. "मग जातो." पिशवी मात्र रिकामी केली नाही.

त्यानंतरच्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींपैकी आहेत, हे सांगून टाकायला हरकत नाही. चुना जास्त झाला तर सगळं पाणीच बिघडतं, म्हणून दिवसाला दोनच. साडेसहाला मी पंप बंद करायचो. पाणी स्थिर व्हायचं आणि घरात एकदम शांतता पसरायची; पंप एरवी किती आवाज करतो ते तो थांबल्यावरच कळतं. दवाखान्यातून आणलेली नवी सिरिंज, पुढं लांब बोथट सुई. डबीतला चुना तंबाखू लागलेला असतो म्हणून अण्णांनी बाजारातून वेगळा आणला आणि वाटीत गंधासारखा उगाळायला घेतला. पातळ झाला तर पसरतो, घट्ट झाला तर सुईत अडकतो. त्यांना ते अंगठ्यालाच कळायचं. फाउंड्रीत साच्याची वाळू ते अशीच मुठीत दाबून पारखायचे, किती ओल पाहिजे ते. मी नेम धरायचो, ते वाकून सांगायचे, जरा खाली, जरा हिकडं, आता सोड. तपकिरी फूल त्या पांढऱ्या थेंबावर मिटायचं, गोळा व्हायचं, आणि आम्ही दोघं श्वास धरून बघत राहायचो. मग ते म्हणायचे, गेलं. क्रांती चहा आणायची. खिडकीतून उन्हाची तिरीप टाकीत उतरायची आणि दगडाचा जांभळा रंग वर यायचा. मला त्या अर्ध्या तासात कसलीही घाई नसायची, पुढचं काही नको असायचं. आईनं हे पाहायला हवं होतं, एवढंच वाटायचं.

त्या कामात बोलणं आपोआप व्हायचं, कारण एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. दोघांचेही डोळे काचेवर. मार्चचा दुसरा आठवडा असेल. एकतीस राहिले होते. दगडाच्या कपारीतला एक अवघड होता आणि मी सुई आत सारता सारता, का कोण जाणे, विचारलं की शाळेत माझं नाव घालताना तुम्ही ज्ञानूच का सांगितलं. बेचाळीस वर्षं न विचारलेला प्रश्न, आणि तो मी असा विचारला की जणू चहात साखर किती. अण्णांनी लगेच उत्तर दिलं. त्यांना त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. "तुज्या बाचं दुसरं काय ऱ्हायलं हुतं?" ते म्हणाले. "घर त्येच्या भावांनी घेटलं. बायकू म्या आणली. पोरगं बी माज्याच घरात आलं. नाव तेवढं तरी ऱ्हाऊ दे म्हटलं त्या माणसाचं." मग त्याच आवाजात त्यांनी सांगितलं की पोरगं मोठं होऊन विचारील, तवा आपल्याला तोंड दाखवता आलं पायजे. मी सिरिंज एकदम दाबली. सगळा चुना पाण्यात सुटला आणि टाकीभर पांढरा ढग पसरला. मासे कोपऱ्यात पळाले. फूल कपारीत जसंच्या तसं, झिपऱ्या हलवत. अण्णा म्हणाले, नेम चुकला, उद्या बघू. मी पंप सुरू केला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. आरशात एकोणपन्नास वर्षांचा माणूस रडत होता आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. एका माणसाचं मला नाव द्यायचं राहून गेलं नव्हतं, तो दुसऱ्या माणसाचं नाव माझ्यात सांभाळत आला होता, आणि मी इतकी वर्षं ते फॉर्मांवर कपाळाला आठी घालून लिहीत होतो. त्या दिवशी दवाखान्यात एका रजिस्टरवर मी ते सावकाश, पूर्ण लिहिलं.

हे कळूनही आमच्यात काही फार बदललं नाही. मी अजून 'बसा अण्णा', 'घ्या अण्णा' म्हणत होतो आणि ते अजून ताट स्वतः उचलून धुऊन ठेवत होते. सवयी जुन्या होत्या. आकडा मात्र उतरत होता. वीस, चौदा, नऊ. डाव्या अंगाची बटणं पुन्हा उघडायला लागली, आधी चार, मग गुच्छच्या गुच्छ. यशराजला मी फोटो पाठवला तर त्यानं बंगळूरहून फोन करून विचारलं की कुठलं औषध वापरलं, आणि मी म्हटलं, आमच्याकडे पानाच्या ठेल्यावर मिळतं. आणि जसजसा आकडा उतरत होता तसतसा मला टाकीचा आनंद होत होता आणि पिशवीची भीती वाटत होती. खिळ्यावर ती तशीच भरलेली लटकत होती. खोलीत गेलो की आधी तिच्याकडे नजर जायची. दोनदा तर मी एखादं बारकं फूल दिसूनही न दिसल्यासारखं केलं, म्हणजे ते आणखी एक दिवस टिकेल. मार्च संपता संपता, एका गुरुवारी, शेवटचे दोन गेले. अण्णांनी वाटी धुतली, पालथी घातली आणि म्हणाले की आता रविवारी निघतो. मी म्हणालो, तुमची इच्छा. स्वयंपाकघरातून क्रांतीनं भांडं जरा जोरात आपटलं.

शनिवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठून बाहेर आलो. पंप बंद होता. मी बंद केलेला नव्हता. अण्णा टाकीच्या मागं, भिंत आणि काच यांच्यामधल्या वीतभर जागेत डोकं घालून उभे होते, एका हातात माझा लांब चिमटा, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पुडीत सुकट होती. सुकी कोळंबी, बाजारातली, मीठ लावलेली. मी मोबाइलचा दिवा लावून दगडाच्या मागं पाहिलं. तिथं, जिथं पुढून कधीच दिसलं नसतं, एक तपकिरी फूल बसलं होतं. मी टाकीत पाहिलेल्या कुठल्याही फुलाच्या दुप्पट. वाटीएवढं फुललेलं, तजेलदार, आणि अण्णा त्याला सुकटीचा तुकडा चिमट्यानं भरवत होते. त्यानं तो झिपऱ्यांत ओढून घेतला. असं पोसलेलं फूल आठवड्याला पिल्लं टाकतं, एक्काहत्तरचे दोनशे करतं. माझ्या डोक्यात काहीतरी सुटलं. पुढचं मी बोललो की आणखी कुणी, ते मला कळलं नाही. भाषा तर मी कित्येक वर्षांत वापरली नव्हती ती, सदर बाजारातली. "आक्कल हाय का न्हाय तुमास्नी? दीड म्हैना हितं मरमर मरालोय मी, आन् तुमी त्येला सुकट चारताय व्हय? कवाधरनं चाललंय ह्ये? एकदा सांगून कळत न्हाय?"

पंप बंद असल्यामुळं प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत आला. मासे दगडाआड गेले. क्रांती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं की संपलं, आता हा माणूस आजच जाणार, सकाळच्याच गाडीनं, आणि तेही माझ्यामुळं. अण्णांनी डोकं भिंतीमागून बाहेर काढलं. पुडी नीट मिटून खिशात ठेवली. "एक ऱ्हाऊ दे म्हटलं," ते म्हणाले. "समदीच निघाली तर मग म्या हितं काय करू?" मग ते माझ्याकडे बघत राहिले. आधी भुवया वर गेल्या, मग गालांवरच्या सुरकुत्या एकेक करून हलल्या. आई जिवंत असताना ती त्यांच्यावर मिठावरून ओरडायची तेव्हा त्यांचा चेहरा असा व्हायचा. क्रांतीकडे वळून ते म्हणाले, "वरडला गं तुजा न्हवरा माज्यावर." तक्रारीचे शब्द आणि आवाजात कौतुक. क्रांती म्हणाली, बरं झालं मामा, तुम्हीपण कुणाचं ऐकत नाही. ते श्रुतीच्या खोलीत गेले. मी पंप सुरू केला. बाहेर आले तेव्हा पिशवी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती उघडली, खुरपं काढून गॅलरीतल्या कुंडीत रोवलं, धोतराची घडी मोडून क्रांतीच्या खांद्यावर टाकली, दीड म्हैना गुंडाळलेली हाय, जरा धुण्यात टाक म्हणाले, आणि रिकामी पिशवी झटकून चौघडी करून पलंगाच्या गादीखाली सारली.

मी मोबाइलचा दिवा बंद केला; ते मोठं फूल होतं तिथंच राहिलं. उद्या बघू म्हटलं. उशीर झाला होता. मी कसेबसे बूट चढवले, किल्ली घेतली आणि जिना उतरायला लागलो. पहिल्या मजल्यापर्यंत पोचलो असेन तेव्हा वरून आवाज आला. एवढा मोठा आवाज त्या माणसाच्या छातीत आहे हे मला माहीत नव्हतं. "आरं डबा इसरलास की! ध्यान कुठं आसतंय तुजं, गाढवा?" खालच्या मजल्यावरच्या तानाबाई दूध घेऊन वर येत होत्या, त्या मध्येच थांबल्या आणि वर बघायला लागल्या. अण्णा कठड्यावरून वाकून डबा हलवत होते. मी तानाबाईंना म्हणालो, बाप आहे माझा, आणि जिना परत चढून गेलो.